दहशतवाद आपल्यापर्यंत पोहोचतो तो बातमीतून

१२ नोव्हेंबर २०१५ च्या संध्याकाळी बैरुतच्या दक्षिण भागात, बुर्ज अल-बराजनेह या दाट वस्तीत दोन आत्मघाती स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी रात्री पॅरिसमध्ये स्टेडियमबाहेर, कॅफेंमध्ये आणि बाताक्लान नाट्यगृहात हल्ले झाले, तिथे १३० जण मारले गेले. दोन्हींची जबाबदारी ‘इस्लामिक स्टेट’नेच घेतली. पॅरिसबद्दल आज कुणालाही विचारलं तर काही ना काही आठवतं. बैरुत बहुतेकांच्या गावीही नसतं. फेसबुकने ‘मी सुखरूप आहे’ असं कळवण्याची सोय पॅरिससाठी लगेच सुरू केली. आदल्या दिवशी बैरुतसाठी ती केली नव्हती. लोकांनी त्यावर जाब विचारला तेव्हा कंपनीला खुलासा करावा लागला.

मृतांचा आकडा पॅरिसमध्ये जास्त होता हे खरं. पण दोन घटनांच्या आठवणीत जेवढं अंतर पडलं, तेवढं त्या आकड्यांत नक्कीच नाही. हे अंतर पडतं कुठे, पाडतं कोण आणि त्याचे परिणाम काय होतात, याचा अभ्यास गेली पन्नासेक वर्षं चालू आहे. राज्यशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, पत्रकारिता अशा बऱ्याच शाखांचे लोक त्यात आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी दहशतवादी हल्ला कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. तरीही तो कोण करतं, कुठे होतो, आपल्याला त्याचा किती धोका आहे, याबद्दल आपली ठाम मतं असतात. ती जवळजवळ सगळी बातम्यांवर पोसलेली असतात. म्हणून हा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो.

१९७० च्या दशकात रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या ब्रायन जेन्किन्स यांनी या विषयातली सर्वांत जास्त उद्धृत झालेली मांडणी केली. दहशतवाद्यांना खूप माणसं मरायला नको असतात, खूप माणसं बघायला हवी असतात, असा तिचा आशय. ज्याला गोळी लागते तो खरं लक्ष्य नसतो. लक्ष्य असतो तो लांबून बघणारा. त्यामागे म्युनिकचा ताजा अनुभव होता. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी जगभरचे कॅमेरे तिथे आधीच उभे होते. ‘ब्लॅक सप्टेंबर’ या पॅलेस्टिनी गटाने इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं आणि ते सगळे कॅमेरे क्रीडानगरीतल्या एका इमारतीकडे वळले. जर्मन पोलीस ट्रॅकसूट घालून छतावरून आत शिरण्याच्या तयारीत होते, तेही टीव्हीवर दिसत होतं. आत बसलेल्या हल्लेखोरांकडेही टीव्ही होता. ती कारवाई सोडून द्यावी लागली. शेवटी ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले.

जेन्किन्स यांचं सूत्र जसंच्या तसं आज लागू पडत नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात २,९७७ माणसं मारली गेली. तिथे खूप प्रेक्षकही हवे होते आणि खूप बळीही. पण सूत्राचा दुसरा अर्धा भाग शाबूत आहे. प्रेक्षक नसेल तर अशा हिंसेचं प्रयोजनच उरत नाही, आणि प्रेक्षक माध्यमांशिवाय मिळत नाही.

मोजणी होते तीही बातम्यांवरून

या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध उघडला की बहुधा एक नाव भेटतं, ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातलं संशोधन केंद्र तो सांभाळतं. १९७० पासूनच्या दोन लाखांहून अधिक घटना त्यात आहेत. प्रत्येक घटनेपुढे तारीख, जागा, हत्यार, लक्ष्य, मृत, जखमी आणि संशयित गट यांची नोंद असते. सुरुवातीची नोंद एका खासगी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी करून ठेवली होती. विद्यापीठाने ती नंतर मिळवली. कंपनीचं कार्यालय हलवताना १९९३ चे सगळे कागद हरवले होते. त्यामुळे आजही जगातल्या दहशतवादाचा आलेख काढला तर १९९३ ची जागा रिकामी ठेवावी लागते किंवा ढोबळ अंदाजाने भरावी लागते.

त्याहून मोठा पेच नोंदींच्या उगमात आहे. हा डेटाबेस प्रामुख्याने प्रसिद्ध झालेल्या बातम्यांवरून बनतो. संगणक लाखो बातम्या चाळून कामाच्या वेगळ्या काढतो, मग प्रशिक्षित माणसं त्या वाचून एकेक रकाना भरतात. म्हणजे जिथे वार्ताहर पोहोचत नाही, इंटरनेट बंद असतं किंवा सत्ताधारी बातमी बाहेर जाऊ देत नाहीत, तिथला हल्ला नोंदीतूनच निसटू शकतो. एखाद्या आडवळणाच्या खेड्यात रात्री दहा माणसं मारली गेली, कुणी बातमी केली नाही, तर संशोधकाच्या लेखी ते घडलेलंच नसतं. माध्यमं काय दाखवतात आणि काय वगळतात हे तपासायला ज्या मापाशी तुलना करायची, ते मापच बातम्यांनी घडवलेलं आहे. प्रामाणिक संशोधक हे निबंधात लिहून ठेवतात. त्यावरून बातमी करणारे ते वाक्य बहुतेकदा गाळतात, आणि याचं मला वाईट वाटतं, कारण नेमकं तेच वाक्य वाचकाला सावध करणारं असतं.

आणखी एक खाचखळगा म्हणजे मोजण्याची पद्धत मध्येच बदलणं. २०१२ च्या सुमारास या डेटाबेसमध्ये बातम्या गोळा करण्याची रीत सुधारली, त्यामुळे पूर्वी सुटल्या असत्या अशा लहान घटनाही सापडू लागल्या. त्यानंतरच्या वर्षांत आलेख चढलेला दिसतो. त्यातली खरी वाढ किती आणि बारकाईने शोधल्यामुळे दिसलेली किती, हे वेगळं करणं अवघड आहे. डेटाबेस चालवणारेच सांगतात की आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरळ तुलना करू नका.

मुळात कशाला दहशतवाद म्हणायचं यावरही एकमत नाही. ॲलेक्स श्मिड आणि अल्बर्ट योंगमन या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात वापरात असलेल्या १०९ व्याख्या गोळा करून तपासल्या. हिंसा हा घटक बहुतेकींत होता, पण भीतीचा उल्लेख जेमतेम निम्म्या व्याख्यांत सापडला. संयुक्त राष्ट्रांतही सर्वमान्य व्याख्येचा करार अजून झालेला नाही. त्यामुळे दोन संस्थांचे आकडे वेगळे दिसले की त्यांतली एक खोटं बोलते आहे असं समजायचं कारण नाही.

कोणता हल्ला ‘मोठी बातमी’ होतो

एरिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१५ या काळात अमेरिकेत झालेले १३६ हल्ले घेतले आणि प्रत्येकावर किती बातम्या आल्या ते मोजलं. मृतांची संख्या, लक्ष्य सरकारी होतं का, हल्लेखोर पकडला गेला का, या सगळ्यामुळे बातम्या कमीजास्त होतात. म्हणून संख्याशास्त्राच्या मदतीने त्यांचा परिणाम बाजूला काढला. उरलेला फरक चक्रावणारा होता: हल्लेखोर मुस्लीम असेल तर सरासरी ३५७ टक्के जास्त वार्तांकन. मृत तितकेच, हल्ल्याची तऱ्हा तशीच, तरी बातम्या साडेचारपट. हे अमेरिकेतले आकडे आहेत आणि ते उचलून दुसऱ्या देशाला चिकटवता येणार नाहीत. पण कुठल्याही देशातल्या वाचकाने आपल्याकडच्या माध्यमांना हाच प्रश्न विचारावा इतकं वजन त्यांना आहे.

अंदाज बांधण्याची घाईसुद्धा याच मुशीतून येते. २२ जुलै २०११ ला ओस्लोत बॉम्बस्फोट झाला आणि पाठोपाठ उतोया बेटावर तरुणांच्या शिबिरात गोळीबार. एकूण ७७ बळी गेले. पहिल्या काही तासांत अनेक वाहिन्यांवर तज्ज्ञ मंडळी इस्लामी गटांबद्दल बोलत होती. हल्लेखोर निघाला नॉर्वेचाच एक अतिउजवा माणूस. अंदाज चुकला म्हणून ते तज्ज्ञ अडाणी ठरत नाहीत. आधीच्या बातम्यांनी डोक्यात एक साचा तयार केलेला असतो, नवी माहिती हाती येण्याआधीच तो भरला जातो. अभ्यासक याला ‘फ्रेमिंग’ म्हणतात.

भूगोलाचं म्हणाल तर तफावत आणखी मोठी आहे. दहशतवादामुळे होणारे मृत्यू गेल्या काही वर्षांत सर्वाधिक झाले ते आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात: बुर्किना फासो, माली, नायजर आणि आसपास. सिडनीतली ‘इन्स्टिट्यूट फॉर इकॉनॉमिक्स अँड पीस’ दरवर्षी दहशतवादाचा जागतिक निर्देशांक काढते. अलीकडच्या निर्देशांकांनुसार जगातल्या अशा मृत्यूंपैकी साधारण निम्मे या पट्ट्यात झालेत. या देशांची नावं आपण शेवटची कधी बातमीत ऐकली, हे आठवून बघावं.

उलट बाजूनेही मोजणी झाली आहे. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘गार्डियन’मध्ये मृत्यूच्या निरनिराळ्या कारणांना किती जागा मिळते ते तपासलं. त्या यादीतल्या कारणांना मिळालेल्या एकूण जागेपैकी सुमारे एक तृतीयांश एकट्या दहशतवादाची होती. अमेरिकेतल्या प्रत्यक्ष मृत्यूंत त्याचा वाटा ०.०१ टक्क्याहून कमी. हृदयविकाराने दर तीन-चारांतला एक मृत्यू होतो, पण त्याला जागा अगदी थोडी. अर्थात वर्तमानपत्र म्हणजे मृत्यूची नोंदवही नव्हे. हृदयविकार रोजचा आहे, हल्ला मुद्दाम घडवलेला आहे आणि त्यामागे राजकारण आहे. त्याला जास्त जागा मिळणं रास्तच आहे. प्रश्न एवढाच की ही जागा बघून वाचक धोक्याचा हिशेब करतो, आणि तो हिशेब हमखास चुकतो.

बघणाऱ्याच्या मनात काय होतं

हिशेब चुकण्याचं कारण १९७३ मध्ये आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी दाखवून दिलं. एखादी गोष्ट किती वेळा घडते हे ठरवताना आपण आकडे शोधायला जात नाही, तिची उदाहरणं किती चटकन आठवतात यावरून अंदाज करतो. पडद्यावर शंभरदा पाहिलेला कोसळता मनोरा चटकन आठवतो. त्यात पॉल स्लोविक यांनी भर घातली: जो धोका आपल्या हाताबाहेरचा, एकाच वेळी अनेकांचा जीव घेणारा आणि भयंकर वाटतो, तो आकड्यांपेक्षा कितीतरी मोठा भासतो. गाडी चालवताना स्टिअरिंग आपल्या हातात असतं, म्हणून ती सुरक्षित वाटते.

२००१ च्या हल्ल्यांनंतर हे प्रत्यक्ष घडलं. विमानाला घाबरून अनेक अमेरिकी लोकांनी लांबचे प्रवास मोटारीने केले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी रस्ते अपघातांची आकडेवारी तपासून अंदाज काढला की पुढच्या बारा महिन्यांत त्यामुळे सुमारे १,५०० जादा माणसं रस्त्यावर दगावली. त्या चार विमानांतले प्रवासी आणि कर्मचारी मिळून २४६ होते. म्हणजे हल्ल्याच्या भीतीने विमानं टाळणाऱ्यांत त्याच्या कितीतरी पट माणसं गेली, आणि हे मृत्यू कुठल्याही दहशतवादी घटनेच्या यादीत नाहीत.

भीती एकदा बसली की लवकर उतरतही नाही. अमेरिकेतली गॅलप संस्था लोकांना विचारत आली आहे की तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी दहशतवादाला बळी पडेल अशी काळजी वाटते का. २००१ नंतर तिथे मोठा हल्ला न होता वर्षांमागून वर्षं गेली, तरी हो म्हणणाऱ्यांचं प्रमाण बराच काळ ३५ ते ५० टक्क्यांच्या घरात फिरत राहिलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा अभ्यास २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतरचा आहे. ॲलिसन होल्मन, रोक्सेन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर लोकांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात जे रोज सहा किंवा अधिक तास त्याच बातम्या आणि चित्रफिती बघत होते, त्यांच्यात तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा त्याच्या जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. मुळातच चिंता करणारी माणसं जास्त बातम्या बघत असतील, ही शंका कुणालाही येईल. संशोधकांनी या लोकांच्या आधीच्या मानसिक आरोग्याची माहिती धरूनच हिशेब केला होता. शिवाय नंतर त्यांनी हीच माणसं तीन वर्षं धरून ठेवली. तेव्हा एक चक्र दिसलं. आज जास्त बघितलं की पुढच्या हल्ल्याची धास्ती वाढते, आणि पुढचा हल्ला झाला की ती धास्ती माणसाला पुन्हा पडद्यासमोर बसवते.

बातमी कशी सांगितली जाते, यानेही मत बदलतं. शांतो अय्यंगार यांनी १९८० च्या दशकात प्रयोग केले. काही प्रेक्षकांना सुट्या घटनेची बातमी दाखवली: स्फोट, धूर, रडणारे लोक, पकडलेला माणूस. इतरांना तोच विषय पार्श्वभूमीसह दाखवला. सुटी घटना पाहिलेले लोक दोष फक्त त्या माणसाला देत आणि कडक शिक्षेपाशी थांबत. पार्श्वभूमी पाहिलेल्यांच्या बोलण्यात परिस्थिती आणि सरकारी धोरणंही येत. टीव्हीवर पहिला प्रकार कितीतरी जास्त असतो, कारण तो चित्रात पकडता येतो.

बातमीमुळे पुढचा हल्ला होतो का

हा प्रश्न विचारायला सोपा आणि सिद्ध करायला महाकठीण. मोठ्या हल्ल्यानंतर बातम्याही जास्त येतात आणि पुढचे हल्लेही जास्त होतात. पण कदाचित दोन्हींचं कारण एकच असेल: तो गटच ताकदवान असेल. मग बातमीला दोष कसा द्यायचा?

मिखाएल येटर या अर्थशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. समजा दोन सारखे हल्ले झाले. एक झाला त्या दिवशी जगात दुसरं काही विशेष नव्हतं. दुसरा झाला त्याच दिवशी दूर कुठेतरी मोठा भूकंप किंवा चक्रीवादळ आलं. वर्तमानपत्राची पानं तेवढीच असतात, त्यामुळे दुसऱ्या हल्ल्याची बातमी आक्रसते. भूकंपाचा त्या दहशतवादी गटाच्या ताकदीशी काडीचा संबंध नाही. म्हणजे निसर्गानेच केलेला हा प्रयोग झाला. येटर यांनी १९७० ते २०१२ मधले जगभरचे हल्ले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या बातम्या यांची अशी सांगड घातली. ज्या हल्ल्यांची बातमी आपत्तीमुळे दबली, त्यांच्यानंतर त्या देशात कमी हल्ले झाले. एखाद्या देशातल्या हल्ल्यावर आणखी एक बातमी आली की तिथले पुढचे हल्ले ११ ते १५ टक्क्यांनी वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष.

युक्ती पक्की आहे, तरी तिची मर्यादा लक्षात ठेवायला हवी. ती बातम्यांची संख्या मोजते. बातमीत हल्लेखोराचं कौतुक होतं की गेलेल्यांची माहिती होती, थरार होता की विश्लेषण, हे तिला दिसत नाही. म्हणून ‘बातम्या बंद करा’ असा अर्थ त्यातून काढणं चूक आहे. तो प्रयोग ब्रिटनने करून पाहिला. दहशतवाद्यांना प्रसिद्धीचा प्राणवायू मिळू देऊ नये, असं मार्गारेट थॅचर १९८५ मध्ये म्हणाल्या होत्या. १९८८ मध्ये त्यांच्या सरकारने शिन फेन (आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेशी जोडलेला पक्ष) आणि उत्तर आयर्लंडमधल्या इतर काही संघटनांच्या प्रतिनिधींचे आवाज प्रसारित करायला बंदी घातली. वाहिन्यांनी चित्र तेच ठेवलं आणि आवाज नटांकडून भरून घेतले. काही वेळा नटाचा आवाज ओठांच्या हालचालींशी इतका जुळायचा की प्रेक्षकाला फरकही कळत नसे. १९९४ मध्ये बंदी उठली.

थेट प्रक्षेपणाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे मी ठामपणे निर्बंधांच्या बाजूने आहे. नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ जण मारले गेले. त्या वेळी कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाउसच्या गच्चीवर उतरताना वाहिन्यांवर थेट दिसत होते. पाकिस्तानातले सूत्रधार त्याच वाहिन्या बघून फोनवरून आतल्या हल्लेखोरांना सूचना देत होते. ती संभाषणं ध्वनिमुद्रित आहेत. कसाब प्रकरणाच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या वार्तांकनावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या एका किराणा दुकानात ग्राहकांना ओलीस धरलं होतं. काही लोक शीतगृहात लपले होते आणि आत कुणीतरी लपलंय हे एका वाहिनीने प्रसारित केलं. ती माणसं वाचली, पण नंतर त्यांनी वाहिनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अशा वेळी माहिती दोन तास उशिरा मिळाल्याने नागरिकाचं काहीही बिघडत नाही.

काही संपादकांनी स्वतःहून पावलं उचलली. फ्रान्समधल्या ‘ल मोंद’ने जुलै २०१६ मध्ये हल्लेखोरांची छायाचित्रं छापणं थांबवलं. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ जण मारले गेले. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचं नाव कधीच उच्चारणार नाही असं संसदेत जाहीर केलं. तिथल्या पाच प्रमुख माध्यमसंस्थांनी खटल्याच्या वार्तांकनासाठी एकत्र नियम ठरवले: त्याचा प्रचार छापायचा नाही, त्याच्या विचारसरणीच्या खुणा दाखवायच्या नाहीत. त्याने गुन्हा कबूल केल्यामुळे खटला चाललाच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये शिक्षेची सुनावणी झाली. वाचलेले आणि गेलेल्यांचे नातेवाईक तीन दिवस एकामागून एक बोलले, आणि बातम्यांत प्रामुख्याने तेच होते. मला वाटतं, अशा हल्ल्याचं वार्तांकन इतकं नेटकं फार क्वचित झालं असेल.

पण क्राइस्टचर्चच्या हल्लेखोराला वर्तमानपत्राची गरजच नव्हती. त्याने सतरा मिनिटं फेसबुकवरून हल्ला थेट दाखवला. पहिल्या चोवीस तासांत फेसबुकने त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती काढून टाकल्या, त्यातल्या १२ लाख वर चढतानाच अडवल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एल पासोमधल्या हल्लेखोराने आपल्या पत्रकात क्राइस्टचर्चचा उल्लेख केला. जर्मनीतल्या हालेमधल्या हल्लेखोराने ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरून हल्ला दाखवला. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलो शहरात एका सुपरमार्केटमध्ये दहा जणांना मारणाऱ्यानेही ट्विच वापरलं. या वेळी कंपनीने हिंसा सुरू झाल्यापासून दोन मिनिटांच्या आत प्रक्षेपण तोडलं. तेवढ्यात कुणीतरी प्रत करून घेतली होती, आणि ती दुसऱ्या संकेतस्थळावर काढून टाकेपर्यंत लाखो वेळा पाहिली गेली.